दाराच्या चौकटीवरचा शेंदूर

जब्बारभाई,

आज सकाळी पुन्हा कडाक्याची थंडी पडली. शटर वर केलं आणि साडेआठलाच आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला ‘ऊन वर आल्यावर या’ म्हणून परत पाठवलं. तो वैतागला. “दोन व्हायझर तं चिपकवायचे हायेत जी, त्याले ऊन कायले पाह्यजे?” म्हणाला. तुम्ही असता तर त्याला खुर्चीवर बसवून, चहा पाजून अर्धा तास समजावलं असतं. मी नुसती मान हलवली.

तुम्ही गेल्यावर दुकानावर पुष्कळ लोक येऊन बसले. कोणी तुमच्या हाताची तारीफ केली, कोणी तुमच्या बोलण्याची. मी सगळ्यांना हो हो म्हटलं. पण एक गोष्ट मी त्यांच्यातल्या कोणालाच सांगितली नाही. ती तुम्हालाही जिवंतपणी सांगितली नव्हती. तशीच पोटात ठेवून तुमच्या कबरीवर तीन मुठी माती टाकली आणि घरी आलो. म्हणून हे लिहितो आहे. तोंडानं बोलायचं म्हटलं की माझी बोबडी वळते, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?

मी मुळातच भित्रा. डी.एड. झालो, नोकरी लागली नाही, आणि वर्गासमोर उभं राहावं लागणार नाही म्हणून मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकणारा सगळ्या यवतमाळात मी एकटाच उमेदवार असेन. गाड्या सजवायच्या या दुकानात तुम्ही मला भागीत घेतलं ते माझं अक्षर चांगलं म्हणून. नंबरप्लेटा मी रंगवायच्या, बाकी सगळं तुम्ही. ‘गुरुजी’ हे नावही तुम्हीच ठेवलं. आता माझी बायकोसुद्धा रागावली की मला गुरुजी म्हणते.

मग हळूहळू तुम्ही मला पट्ट्या लावायला शिकवलं. दाराला ओरखडे पडू नयेत म्हणून लावायची बीडिंग, कडेची चमकती पट्टी, पाऊस आत येऊ नये म्हणून खिडकीवर बसवायचे प्लास्टिकचे व्हायझर. सगळं दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर. मला वाटलं होतं, यात शिकायचं काय? लाल कागद सोलायचा आणि दाबायचं. पहिल्याच हिवाळ्यात मी सकाळी लावलेली बीडिंग दुपारी केळ्याच्या सालीसारखी लोंबत होती आणि गिऱ्हाईक माझ्या नावानं शंख करत होतं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, “थंडीत टेप झोपलेली रायते गुरुजी. झोपेतल्या माणसाले काम सांगून कसं जमन?”

टेपला जागं करायची तुमची पद्धत मी दुसऱ्या कुठल्या दुकानात पाहिली नाही. गाडी आधी उन्हात उभी करायची. मग पत्र्याला तळहात लावून पाहायचा, आणि तळहातावर भरवसा नसेल तर गाल. हात कामानं मुर्दाड होतात, गाल होत नाही, असं तुमचं म्हणणं. पट्ट्या सकाळपासून तुमच्या स्वेटरच्या आत, पोटाशी. तुम्ही पोट धरून फिरताना पाहून नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हाताऱ्याला कळ येते आहे. लोडशेडिंगमुळे ड्रायरचा भरवसा नव्हता, म्हणून कोळशाची इस्त्री पेटवायची. तीही थेट पत्र्याला लावायची नाही. जाड सुती फडकं तापवायचं आणि ते पत्र्यावर दाबून धरायचं. मग स्पिरिटनं पुसायचं, आणि मग पट्टी. अंगठ्यानं तसूतसूनं दाबत जायचं, आणि प्रत्येक जागी तुमचं मनातल्या मनात काहीतरी म्हणून होईपर्यंत थांबायचं. काय म्हणता म्हणून विचारलं की “वीसचा पाढा” असं सांगायचात. तो पाढा नव्हता हे मला ठाऊक होतं. आणि शेवटी ताकीद: चोवीस तास पाणी नाही, स्पीडचा वारा नाही, चाळीसच्या वर काटा गेला तर परत येऊ नको.

हे सगळं मी का सांगतो आहे? तुम्हाला सांगायची गरज नाही. मलाच ते पुन्हा पुन्हा म्हणावंसं वाटतं. पद्धत मला येत होती हे कबूल करायचं आहे, म्हणजे नंतर मी अडाणीपणाचं निमित्त पुढे करणार नाही.

ही कापसाची वाईट वर्षं. यवतमाळचं नाव रोज पेपरात, आणि त्या नावामागून गाड्या. पाहणी करणाऱ्यांच्या, छापणाऱ्यांच्या, अभ्यास करणाऱ्यांच्या. खेड्यांच्या वाटांवर बाभळी घासून त्यांच्या कडेच्या पट्ट्या उखडायच्या आणि परतीच्या वाटेवर त्या आपल्या दुकानासमोर उभ्या राहायच्या. गावात भाव पडत होता आणि आपल्याकडे काम वाढत होतं. ते तुम्हाला खात होतं. एकदा तुम्ही पट्टी अर्धी लावून थांबलात आणि म्हणालात, “लोकायच्या मौतीवर आपलं दुकान चालून राह्यलं गुरुजी.” मी म्हटलं, आपण काय करणार? तुम्ही म्हणालात, “आपन पट्टी पक्की लावनार. दुसरं आपल्या हातात काय हाय?” आणि उरलेली अर्धी लावली.

आता शेंदराचं.

आपल्याकडे गाडी घेतली, मग ती नवी असो की चौथ्या हातची, की आधी ती देवळात जाते. हार, नारळ, चाकाखाली लिंबू. मारुतीचं देऊळ असलं तर खोबरेल तेलात कालवलेला शेंदूर. आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या घराच्या चौकटीला पाच बोटं ओढतात तशीच गाडीच्या दाराच्या चौकटीलाही ओढतात. नेमकी तिथेच, जिथं व्हायझर बसतं. तेलावर टेप धरत नाही, आणि थंडीत ते फसवतंही. सकाळी थिजलेलं असतं, बोट लावलं तर कोरडं वाटतं. दुपारी पत्रा तापला की टेपखाली आतल्या आत सुटायला लागतं.

तो शेंदूर पुसायचं काम माझं. चौदा वर्षांत तुम्ही देवाच्या खुणेला एकदाही हात लावला नाही. तशी गाडी आली की हळूच म्हणायचात, “गुरुजी, तुह्यं काम आलं.” एका हिवाळ्यात मी चिडलो होतो. म्हटलं, वीस-वीस वर्षं हेच लोक तुमच्याकडे येतात, पोरीच्या लग्नाची पत्रिका तुम्हाला आधी देतात, तुम्ही पुसलं तर कोणाला काय वाटणार आहे?

“वीस वर्सं झाले म्हनूनच नाही पुसत.”

“हे काही उत्तर झालं?”

“उत्तर नाही. भेव हाय,” तुम्ही म्हणालात. “तू काय समजतं, तूच एकटा भेकड हाय या दुकानात?”

मी म्हटलं, “म्हणजे पाप लागलं तर मला लागू दे, असंच ना?” तुम्ही हसलात. “तुह्या देवाची तुह्याशी वळख हाय. तो तुले माफ करन. माही त्याच्याशी ना देन ना घेन.” मी म्हटलं, माझीही वळख नाही, मी कुठं देवळात जातो? ते तसंच राहिलं. दर थंडीत आपण हा वाद काढायचो आणि दर थंडीत चहा आला की सोडून द्यायचो. तुम्ही खरोखरच घाबरत होता हे मला कधी पटलंच नाही. माणसं तुमच्या नावानं शपथ घ्यायची. तुम्हाला कसली भीती?

आणि मग तो सोमवार. पौषातली थंडी, नाकातून वाफ निघत होती. गजानन त्याची तांबडी व्हॅन घेऊन आला. राळेगावच्या पुढच्या एका खेड्यातला पोरगा, घरचा कापूस सोडून गाडीवर आलेला. “बायकोले सातवा हाय चाचा,” त्यानं तुम्हाला सांगितलं, “दवाखाना दूर. आता राती-बेराती कोनाच्या पाया पडायचं काम नाही.” मागच्या सीटवर त्याची आजी शाल पांघरून बसली होती. वाटेत मारुतीला जाऊन आले होते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर शेंदराची पाच बोटं.

तुम्ही त्या दिवशी सारखे खोकत होता. “गुरुजी, तुह्यं काम आलं,” म्हणालात आणि इस्त्री पेटवायला आत गेलात.

मी फडकं घेतलं, स्पिरिट ओतलं आणि हात वर नेला. आतून आजी म्हणाली, “काय करून राह्यला रे बापू? मारुतीचा शेंदूर हाय तो.” मी थांबलो. ती रागावली नव्हती. नुसती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “माह्या नातसुनेले सातवा चालू हाय.”

बस, एवढंच. मी न पाहिलेली ती पोरगी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मी पुसलं आणि तिला काही झालं तर? मी देवळात न जाणारा माणूस, जब्बारभाई, पण भ्यायला देवळात जावं लागत नाही. मी त्या पाच बोटांच्या भोवतीनं फडकं फिरवलं. वर, खाली, कडेनं. बोटं तशीच ठेवली. वरून कोरडी दिसत होती. चालतंय, असं मला वाटलं. नाही, वाटलं नाही. चालेल असं मी स्वतःला सांगितलं.

तुम्ही व्हायझर पोटाशी धरून आलात. डोळ्यात मोतीबिंदू, गाडीचा रंगही तांबडा. त्यामुळे तुम्हाला काही दिसलं नाही. तुम्ही विचारलंत, “पुसलं?”

मी म्हटलं, “पुसलं.”

चौदा वर्षांत तुम्ही हा प्रश्न हजार वेळा विचारला असेल. मी कधी खोटं बोललो नव्हतो. तुम्ही लाल कागद सोलला, कड जुळवली आणि अंगठा चालवायला सुरुवात केली. मधल्या भागावर तो जरा जास्त थांबला, असं मला आता वाटतं. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. कधी एकदा गाडी दुकानासमोरून हलते एवढंच मनात होतं. गजाननला तुम्ही चाळीसची ताकीद दिली, आजीनं तुम्हाला हात जोडले, आणि ती तांबडी व्हॅन कळंबच्या रस्त्याला लागली.

पुढचे पाच दिवस मी तुमच्या शेजारी बसून चहा प्यायलो. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज कोणीतरी यायचं आणि मला बरं वाटायचं. गुरुवारी तुम्ही पेपर खाली ठेवून विचारलंत, “गुरुजी, काही बोलायचं हाय काय?” मी म्हटलं, “नाही बा.” तुम्ही पुन्हा पेपर वर घेतलात. शनिवारी म्हणालात, उद्या बोरी अरबला साडूकडे जाऊन येतो. सोमवारी तुम्ही आला नाहीत. मंगळवारी घरी येऊन पाहिलं तर तीन रजयांखाली कुडकुडत होता. मी विचारलं, काय झालं हो? “बसमधी हवा लागली,” एवढं म्हणालात आणि माझा हात धरून ठेवलात. तुमचा हात कढत होता. भाभी दारात उभ्या होत्या, तुमची मुलगी काढा घेऊन आली होती, मला कसं बोलता आलं असतं? म्हटलं, बरे व्हा, मग सांगू. शुक्रवारी पहाटे तुमच्या जावयाचा फोन आला.

तुम्ही गेल्याचं दुःख मला उशिरा झालं, हेही सांगून टाकतो. आधी भीती आली. मातीवरून परत येताना रस्त्यात एक तांबडी व्हॅन बाजूनं गेली आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. तोपर्यंत मी मनाला समजावत होतो की व्हायझर सुटलंच तर गजानन परत येईल, जब्बारभाई शिव्या देतील, नवं लावून देतील. आता शिव्या देणारं कोणी नव्हतं. जो सुटायचा होता तो प्लास्टिकचा तुकडा आता माझा एकट्याचा होता. वजनाला काहीच नाही, पण ऐंशीच्या स्पीडला अर्धा सुटून काचेवर आपटला तर पोरगा दचकून स्टिअरिंग फिरवेल. पूर्ण सुटला तर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर. आणि आत सातव्या महिन्याची बाई, आता आठव्या. मी हे चित्र इतक्यांदा पाहिलं की त्यातल्या माणसांचे कपडेसुद्धा मला पाठ झाले.

मी सकाळी पेपर उघडला की आधी अपघात वाचायचो. गजाननचा फोन नंबर आपल्याकडे नव्हता, होतं ते फक्त गावाचं नाव. जाऊन यायला एक दिवस लागला असता. मी गेलो नाही. कारण गेलो आणि ते सुटलेलं निघालं तर? न जाता घाबरणं मला सोपं वाटत होतं. दुकानात एक काम धड होईना. पत्र्याला गाल लावला की वाटायचं, आता मागून तुम्ही विचाराल, पुसलं? आणि मी पुन्हा पुसायला लागायचो. एका गाडीचा रंग उतरेल की काय, इतका पुसत बसलो होतो. गिऱ्हाईक म्हणालं, “गुरुजी, आंघोय घालून राह्यले काय तिले?”

तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले होते. पेपरात चार ओळी आल्या: कळंबच्या अलीकडे व्हॅनच्या मागून येणारी दुचाकी घसरली, एक जखमी. व्हॅनचा रंग नाही, गाव नाही, काही नाही. मी पेपर घडी करून ठेवला आणि बायकोला न सांगता एस.टी.त बसलो. राळेगाव, तिथून दुसरी बस, फाट्यावर उतरून अर्धा तास पायी. शेतांत कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातले होते, तूर अजून उभी होती. वाटेत दोनदा मी परत फिरायला उभा राहिलो. गावात शिरताना एका घरासमोर चार-पाच माणसं जमलेली दिसली आणि मी रस्त्याच्या कडेला थांबलो. ती बोअरच्या मोटरशी खटपट करत होती. त्यांनीच गजाननचं घर दाखवलं.

व्हॅन अंगणात उभी होती, लिंबाच्या झाडाखाली. व्हायझर जागच्या जागी. मी कोणाला हाक न मारता आधी तिच्याजवळ गेलो. पाहतो तर शेंदराची पाच बोटं व्हायझरच्या वर, प्लास्टिकवर ओढलेली. टोकाला नख घालून मी ते ओढलं. हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. नाही हललं. मला काही समजेना.

“आज तूच आला काय?” मागून आजी म्हणाली. “तुमचा तो चाचा नाही आला?”

“चाचा इथं कधी आले होते?”

“तुमच्या दुकानात गाडी आनली ना आमी, त्याच्या फुडच्याच ऐतवारी. पायी आला फाट्यावरून, केवढा खोकलत होता. मले म्हने, माय, या दाराचं काम कच्चं राह्यलं, पुन्हा कराचं हाय. मंग म्हने, तुह्या मारुतीचा शेंदूर हाय याच्या खाली, पुसू काय?”

मी विचारलं, “तू काय म्हणाली?”

“काय म्हनू? म्हटलं पूस ना बाप्पा, मी नवा लावतो वरून. शेंदराले काय तोटा हाय काय घरात?”

मी म्हटलं, “आजी, त्या दिवशी मला तर तू थांबवलं होतंस.”

“तू कुठी काही इचारलं?” ती म्हणाली. “नुसता फडकं घिऊन धावला.”

जब्बारभाई, आपण चौदा हिवाळे ज्यावर भांडलो ते एवढंच होतं. तुम्ही विचारलंत, ती हो म्हणाली, आणि तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या हातानं ती पाच बोटं पुसलीत. तेव्हा तुमच्या जवळ मी नव्हतो. तुमचा हात थरथरला का? मला ते आजीला विचारायचं होतं, पण ती सांगतच सुटली होती. गावात लाइन नव्हती, म्हणून तुम्ही तिच्याकडून तवा मागितलात आणि चुलीवर फडकं तापवून पत्र्याला लावत बसलात. “बायंतिनीले शेक देते तसा देऊन राह्यला होता गाडीले,” आजी म्हणाली. आत भिंतीला टेकून बसलेली नातसून ते ऐकून हसली. तिला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. माझ्या चित्रातली बाई फार वेगळी होती.

“मी इचारलं त्याले, कच्चं राह्यलं हे तुले कसं समजलं?” आजी पुढे म्हणाली. “तं म्हने, फडकं कोरं होतं.”

रोज संध्याकाळी फडकी तुम्हीच धुवायचात. शेंदूर पुसलेलं फडकं चार पाण्यांनी निघत नाही. म्हणजे सोमवारी संध्याकाळीच तुम्हाला कळलं होतं. गुरुवारी पेपर खाली ठेवून तुम्ही जे विचारलंत ते मला एक दार उघडून देणं होतं, आणि मी नाही बा म्हटलं. मला शिव्या का दिल्या नाहीत? मानगूट धरून मला या गावाला का पाठवलं नाहीत? मी आलो असतो. रडत आलो असतो पण आलो असतो. मला तुमचा राग आला त्या अंगणात, खरं सांगतो, मेलेल्या माणसाचा येऊ नये इतका आला.

“मले म्हने गुरुजीले सांगू नका,” आजी म्हणाली. “त्याले भेव फार. मंग पट्टीले हातच लावनार नाही तो, आन् हात चांगला हाय त्याचा.”

माझा हात चांगला आहे, असं तुम्ही मला कधी म्हणाला नव्हतात.

मग तिनं ते सांगितलं. काम झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. गजानन म्हणाला, चाचा, खोकता फार, चला, यवतमाळला सोडून देतो. तुम्ही नाही म्हणालात. आज ही गाडी हलवायची नाही, टेप बसू दे, उद्या दुपारपर्यंत जागेवरून काढू नको. भाकर खा म्हटलं तर बस चुकेल म्हणून खाल्ली नाही. पायी फाट्यावर गेलात. शेतात असलेल्या लोकांनी नंतर सांगितलं की बस आलीच नाही आणि अंधार पडून बराच वेळ झाला तरी तो म्हातारा फाट्यावरच्या दगडावर बसला होता. शेवटी कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर राळेगावपर्यंत गेलात. उघड्या ट्रॉलीत.

“खोकला थांबला काय त्याचा?” आजीनं विचारलं.

मी सांगितलं. ती खाली बसली. बराच वेळ लुगड्याच्या पदरानं नुसते हात पुसत राहिली.

परतीच्या बसमध्ये मला त्या व्हॅनची भीती नव्हती, ती संपली होती. तिच्या जागी दुसरी आली, आणि ती जायची नाही. तुम्ही बोरी अरबला गेला नव्हता हे भाभींना माहीत असणार. साडूकडून कोणीतरी भेटायला आलंच असेल, बोलण्यात निघालंच असेल. तो रविवार तुमचा कुठे गेला, हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. आता मला एकट्याला ठाऊक होतं. गप्प बसलो असतो तर कोणालाही कधी कळलं नसतं. आजी एवढ्या लांबून यवतमाळला कशाला येते सांगायला? मी दोन दिवस तोच हिशेब करत होतो. मग मला माझीच शिसारी आली.

काल दुपारी तुमच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत, चार महिने परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून पडदा लावलेला. त्या पलीकडे, मी अलीकडे वेताच्या मोढ्यावर, आणि मधे तुमची मुलगी. मी खाली पाहून सगळं सांगितलं. शेंदूर, आजी, “पुसलं” म्हणालो ते, कोरं फडकं, राळेगाव, तवा, फाटा, ट्रॅक्टर. काही गाळलं नाही. माझ्यामुळे ते गेले भाभी, असंही म्हटलं. म्हणायचं ठरवलं नव्हतं, निघून गेलं तोंडातून.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग भाभींनी विचारलं, “पट्टी पक्की बैठी क्या, गुरुजी भाई?”

“बैठी,” मी म्हटलं. “दोन्ही हातांनी ओढून पाहिली.”

मुलीनं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला, संपवला आणि उठलो. भाभी रडत होत्या की नाही, मला कळलं नाही. त्यांनी मला माफ केलं की नाही, तेही नाही. दारात चपला घालताना विचारायला मी तोंड उघडलं होतं, जब्बारभाई. हिंमत झाली नाही.